सुकाणू आणि घड्याळ

बेंगळुरू समुद्रापासून दूर आहे. तरीही निवृत्त होणाऱ्या नाविकाला भेट देण्यासाठी सुकाणूच्या आकाराचे लाकडी घड्याळ तेथे घडवता येते. शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवरील चन्नपट्टण येथील कातारी काळ्या कुड्याचे मऊ लाकूड चरकावर कातून त्यावर लाखेचे रंग चढवतात. सुकाणूच्या चाकाच्या मुठी याच पद्धतीने कातता येतात. चाकाला ६ मुठी ठेवल्या, तर दोन मुठींमध्ये ६० अंशांचे अंतर येते आणि प्रत्येक मूठ एकाआड एक तासाच्या अंकासमोर बसते. मध्यभागी छिद्र पाडून मागे सेलवर चालणारे यंत्र बसवतात.

सुकाणू आणि घड्याळ यांचे नाते जुने आहे. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. सूर्य माथ्यावर आला, की जहाजावर मध्यान्ह होते. त्या क्षणी मूळ बंदराची वेळ दाखवणारे घड्याळ जवळ असेल, तर दोन वेळांतील फरकावरून रेखांश काढता येतो. असे अचूक घड्याळ नव्हते, तेव्हा जहाजे वाट चुकून खडकांवर आदळत आणि नाविक प्राणास मुकत. हा प्रश्न इंग्लंडमधील जॉन हॅरिसन या सुताराने सोडवला. आरंभी त्याने लाकडी चाकांची घड्याळे केली. पुढे त्याने केलेले धातूचे छोटे घड्याळ १७६१-६२ मध्ये जमैकाच्या सफरीत कसोटीस उतरले. लाकडावर कसलेल्या हातांनी असंख्य नाविकांना सुखरूप घरी आणले. नाविकाला दिलेल्या भेटीत हीच कृतज्ञता सामावलेली असते.

स्वाध्याय : बंदराच्या व जहाजाच्या वेळेत २ तासांचा फरक असल्यास रेखांशांत किती अंशांचा फरक असेल?