पाळतीची बातमी पहिल्या पानावर कधी येते?

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्तमानपत्रं येतात. सरकारने कुणाचे तरी फोन चोरून ऐकल्याची बातमी एकात पहिल्या पानावर ठळक असते, तर दुसऱ्यात आतल्या पानावर दोन परिच्छेदांत उरकलेली. कधी दोन्हींत काहीच नसतं आणि आठवड्याने दोन्हींत अचानक मोठा मथळा झळकतो. हे ठरवतं कोण? वरून फोन येतो का?

उत्तर : 'कोण ठरवतं' हे सोपं आहे, ते आधी पाहू. रोज संध्याकाळी संपादक, वृत्तसंपादक आणि निरनिराळ्या विभागांचे प्रमुख एकत्र बसतात. जाहिरातींनी किती जागा आधीच घेतली आहे ते कळतं आणि उरलेल्या जागेत सात-आठ बातम्या बसवायच्या असतात. लांबच्या जिल्ह्यांत जाणारी डाक आवृत्ती रात्री लवकर सुटते, शहर आवृत्ती उशिरा. त्यामुळे तुम्ही पुण्यात वाचलेलं पहिलं पान आणि तुमच्या भावाने गावाकडे वाचलेलं पहिलं पान, वर्तमानपत्र एकच असूनही, सारखं असेलच असं नाही. रात्री दहाला आलेली बातमी गावाकडे दिसली नाही तर ती कुणी दाबली असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा गाडी सुटलेली असते.

खरी अडचण वेगळीच आहे. पूल पडला तर तो सगळ्यांना दिसतो. फोटो असतो, जखमी बोलतात, मंत्री भेट देतात. पाळत दिसत नाही. ज्याचा फोन ऐकला जातो त्यालासुद्धा कळत नाही. आपल्याकडे फोन ऐकण्याची परवानगी अनेक दशकं १८८५च्या टेलिग्राफ कायद्याखाली दिली जात होती. आदेश गृहसचिवाचा, तोही गोपनीय, आणि नोंदी ठरावीक मुदतीने नष्ट करायच्या असा नियम. बातमीदाराने माहिती आणली तरी संपादक विचारतो, "कागद कुठाय?" आणि कागद नसतो.

म्हणून बहुतेक संपादक घटनेची वाट पाहतात. कोर्टात याचिका दाखल झाली, सभागृहात गदारोळ झाला, कुणी राजीनामा दिला, की मग बातमीला बूड मिळतं. १९८८ साली फोन टॅपिंगच्या वादात कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला. मार्च १९९१मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई सापडले, काँग्रेस बिथरली आणि चंद्रशेखर यांनी पंतप्रधानपद सोडलं. दोन्ही वेळा पहिलं पान मिळालं ते खुर्ची गेल्यामुळे. पाळत त्याआधीही चालूच होती. तुमच्या 'आठवड्याने अचानक' या कोड्याचं उत्तर इथेच आहे: मथळा पाळतीवर बेतलेला नसतो, तिच्यावरून उठलेल्या गोंधळावर बेतलेला असतो.

आता मुंबईतल्या संपादकाच्या जागी स्वतःला बसवून पाहा. तारीख १८ जुलै २०२१, रविवार. पहाटेच्या पावसात चेंबूरच्या माहुल भागात आणि विक्रोळीत घरं ढिगाऱ्याखाली गेली आणि तीसहून अधिक माणसं दगावली. त्याच रात्री पेगॅससचं प्रकरण फुटलं. इस्रायली कंपनीचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर, जगभरातल्या सुमारे ५०,००० फोन क्रमांकांची यादी, तीत भारतातले पत्रकार आणि विरोधी नेते. ही यादी जगातल्या १७ माध्यमसंस्थांच्या हाती होती आणि भारतात ती 'द वायर'कडे होती. बाकीच्यांना ती तपासून पाहण्याची सोयच नव्हती, 'अमुक संस्थेच्या वृत्तानुसार' एवढंच म्हणता येत होतं. दुसऱ्या दिवशी संसदेचं पावसाळी अधिवेशन सुरू झालं, गोंधळ झाला, दिल्लीला घटना मिळाली. पण २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली. त्या दिवसांत कोकण वर आणि पेगॅसस खाली ठेवणारा संपादक घाबरला होता असं मी म्हणणार नाही. आपल्या माणसांच्या मरणाची बातमी त्याने वर ठेवली, हे बरोबरच केलं. पाणी ओसरल्यावर तो त्या विषयाकडे परतला की नाही, यावरून मात्र त्याला जोखायला हवं.

तुमच्या दोन वर्तमानपत्रांतल्या फरकाचं आणखी एक कारण अगदी मानवी आहे. दुसऱ्याने फोडलेली बातमी आपल्या पहिल्या पानावर, त्याचं नाव घेऊन छापणं कुणालाच आवडत नाही. २०१३च्या जूनमध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने दिलेले तिचे गोपनीय कागद 'गार्डियन'ने छापले तेव्हा ब्रिटनमधल्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी तो विषय हातचा राखूनच हाताळला. त्या कागदांत भारतही होता. मार्च २०१३ या एका महिन्यात अमेरिकेच्या यंत्रणेने भारतातून ६.३ अब्ज नोंदी गोळा केल्याचं त्यात दिसत होतं. देशांच्या यादीत आपण पाचवे होतो. परदेशाची बातमी एका आकड्याने घरची झाली.

आता 'वरून फोन येतो का?' येतो. पण तो आला म्हणजे बातमी मेलीच, हा समज चुकीचा आहे. फोन आल्यावर काय करायचं हे संपादकच ठरवतो, आणि याची दोन्ही टोकं अमेरिकेत पाहायला मिळतात.

मार्च १९७१मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या 'मीडिया' नावाच्याच एका गावी काही युद्धविरोधी नागरिकांनी एफबीआयच्या कार्यालयातून फायली पळवल्या आणि निवडक कागद टपालाने पाठवले. ज्या दोन लोकप्रतिनिधींना ते मिळाले त्यांनी एफबीआयला परत केले. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या बेट्टी मेड्सगर यांच्याकडेही एक पाकीट आलं. आंदोलकांवर, विद्यार्थ्यांवर, कृष्णवर्णीयांच्या संघटनांवर कशी नजर ठेवली जाते ते त्यात होतं. अॅटर्नी जनरल जॉन मिचेल यांनी "छापू नका" म्हणून विनवलं. मालकीणबाई कॅथरिन ग्रॅहम आधी कचरल्या, मग त्यांनी होकार दिला. २४ मार्चला बातमी पहिल्या पानावर आली. इथे ना राजीनामा होता, ना गदारोळ. हातात कागद होते आणि ते लोकांना कळायला हवेत एवढंच कारण होतं. डिसेंबर १९७४मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सीमोर हर्श यांची सीआयएच्या देशांतर्गत पाळतीबद्दलची बातमी अशीच पहिल्या पानावर छापली. पुढच्या वर्षी सिनेटची चर्च समिती बसली आणि १९७८मध्ये कायदा झाला: हेरगिरीसाठी देशात कुणाचं बोलणं ऐकायचं तर आधी खास न्यायालयाची परवानगी घ्यायची.

दुसरं टोक याच 'न्यूयॉर्क टाइम्स'चं आहे. २००१च्या हल्ल्यानंतर बुश सरकार त्या न्यायालयाला वळसा घालून फोन ऐकू लागलं. जेम्स रायझन आणि एरिक लिक्टब्लाउ यांनी ही बातमी २००४ साली आणली. राष्ट्रीय सुरक्षेला धोका होईल असं व्हाइट हाउसने सांगितलं आणि संपादक बिल केलर यांनी ती थांबवली. थोडीथोडकी नव्हे, वर्षाहून अधिक काळ. मधल्या काळात अध्यक्षपदाची निवडणूकही होऊन गेली. रायझन यांचं पुस्तक तीच गोष्ट सांगत बाजारात येणार हे दिसू लागलं, तेव्हा १६ डिसेंबर २००५ला ती पहिल्या पानावर आली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. केलर यांचा हेतू वाईट नव्हता असं मी धरून चालतो, पण निर्णय चुकला असंच माझं मत आहे. सुरक्षेचा दावा संपादकाने जरूर ऐकावा, तपासावा, धोक्याचा तपशील गाळावा. मतदारांनी मत द्यायच्या आधी त्यांना कळायला हवी अशी गोष्ट मात्र गाळू नये.

म्हणून वाचक म्हणून तुम्ही एक करा. पाळतीची बातमी दिसली की मथळ्यात काय आहे ते पाहा: 'विरोधक आक्रमक, कामकाज तहकूब' की कुणाच्या फोनमध्ये काय सापडलं ते? पहिल्या प्रकारची बातमी गोंधळ शमला की संपते. पेगॅससचंच पाहा. २७ ऑक्टोबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२२मध्ये न्यायालयात सांगितलं गेलं, की तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळलं, ते पेगॅससच असल्याचं ठरवता आलं नाही आणि सरकारने सहकार्य केलं नाही. समितीचा अहवाल लोकांसमोर खुला झालेला नाही. तुमच्या दोन्ही वर्तमानपत्रांच्या संपादकांना एकेक पोस्टकार्ड टाका आणि त्या अहवालाचं पुढे काय झालं ते विचारा.