गाय बसली तर

उदगीर,
जुलै २०२५

चि. सौ. वर्षास,


रेणापूरच्या आखाड्यावर संकरित गाई आल्याचं ताईकडून कळलं. डेअरीचा दर, वैरणीचा हिशेब, बँकेचा हप्ता हे तू आणि जावईबापू जमवालच. त्यात माझी अक्कल चालत नाही. मी नोकरीभर जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होतो. डॉक्टरसाहेब सुई टोचून पुढच्या गावी जायचे, मी मागे राहून पट्टी बांधायचो. त्यामुळे आजारी जनावराजवळ मी त्यांच्यापेक्षा जास्त वेळ बसलोय. तेवढ्यापुरतं ऐक. औषध डॉक्टरांचं, पण त्यांची गाडी गेल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंतचा सगळा वेळ गोठ्याच्या मालकिणीचा असतो. मी ज्या गाई हातच्या गेलेल्या पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच त्या वेळात गेल्या.

माहेरी तू देवणी पाहिलीस. देवणी काय, लाल कंधारी काय, ही आपल्या मातीतली जनावरं. दूध बेताचं, पण ऊन सोसतात, गोचीड सोसतात. संकरित गाय दूध भरपूर देते आणि तिचं दुखणंही तितक्याच झपाट्यानं वाढतं. ‘सकाळी बघू’ हे तिच्या बाबतीत चालत नाही.

सगळ्यात आधी सांगायचं ते व्यालेल्या गाईचं. तिसऱ्या वेताच्या पुढची, भरपूर दुधाची गाय व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत अचानक बसते. कान गार पडतात, मान वळवून कुशीवर टाकते, ताप नसतो, उलट अंग थंडच लागतं. लोक म्हणतात अशक्तपणा आला, खुराक वाढवा. अशक्तपणा नव्हे तो, दुग्धज्वर. कासेत चीक आणि दूध उतरताना रक्तातलं कॅल्शियम एकदम ओढलं जातं आणि स्नायू काम करेनासे होतात. शिरेतून कॅल्शियम गेलं की काही गाई डॉक्टर बॅग आवरेपर्यंत उठून उभ्या राहतात. पण ती बाटली फार सावकाश सोडायची असते, घाई केली तर हृदय बंद पडतं. गावातला कुणी ‘मी देतो टोचून’ म्हणाला तर बाटलीला हात लावू देऊ नकोस.

डॉक्टर येईपर्यंत तुझं काम काय? गाय एका कुशीवर सपाट पडू द्यायची नाही. सपाट पडली की पोटातला वायू बाहेर पडत नाही आणि ती फुगते. पोत्यांत सोयाबीनचं भुसकट भरून दोन्ही बाजूंनी टेकू लाव, छातीवर बसती ठेव. खाली फरशी असेल तर जाड भुसकट नाही तर रेती पसर. आणि दर तीन-चार तासांनी कूस बदल, रात्रीसुद्धा. चार-पाचशे किलोचं वजन एकाच मांडीवर राहिलं की काही तासांतच तिथले स्नायू आणि नसा चेंगरतात. मग कॅल्शियम देऊनही ती उठत नाही, आणि दोष औषधाला जातो. हल्ली जेसीबीला पट्टा बांधून गाय लटकवायची टूम निघाली आहे. ती बघायला गाव गोळा होतं, गाईच्या बरगड्या मात्र कामातून जातात. उचलायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली उचल.

बसलेल्या गाईला तोंडाने काही पाजू नकोस. दुग्धज्वरात गिळायची ताकद गेलेली असते; बांबूच्या नळ्यानं ओतलेला काढा फुप्फुसात उतरतो, आणि दुग्धज्वरातून वाचलेली गाय चार दिवसांनी फुप्फुसाच्या सुजेनं मरते. उभ्या जनावराला पाजतानाही तोंड फार वर करायचं नाही, जीभ ओढून धरायची नाही, ठसका लागला की लगेच मान सोडायची.

थर्मामीटर घेऊन ठेव. गुदद्वारातून घ्यायचं, १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे ठीक. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरलीस तर दोन मिनिटांत दोन-तीनदा पोट हलल्याचं कळतं. रवंथ, शेण, लघवी, नाकपुडी ओली की कोरडी, हे फोनवर सांगितलंस तर डॉक्टर योग्य औषध घेऊन निघतील. ‘गाय खाईना’ एवढ्यावर कुणाला काही समजत नाही.

आणि पाणी! २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तू शाळेत असताना पाहिलंस. तरी गाईच्या पाण्यात काटकसर करू नकोस; दुधाची गाय उन्हाळ्यात साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते. आजारी गाय उठून हौदापर्यंत जात नाही, तेव्हा बादली तिच्या तोंडाशी न्यावी लागते, दिवसातून अनेकदा.

कासेचं थोडक्यात सांगतो, कारण डेअरीच्या शिबिरात ऐकलंच असशील. धार काढण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या चार चिळा काळ्या फडक्यावर घे. गुठळ्या दिसल्या की दगडी सुरू झाली. त्या गाईची धार सगळ्यांत शेवटी. प्रतिजैविक चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाता कामा नये, नुकसान होऊ दे.

लंगडणाऱ्या गाईला कुणी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचू लागला तर नको म्हण. ते टोचलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत येत राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये त्याही बंद करून एका वेळेपुरती छोटी कुपीच ठेवली. डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतात, तेच योग्य.

लम्पी त्वचारोगाची २०२२ ची साथ आपल्या राज्यात ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चिनावलला प्रथम आढळली. त्या साली सरकारनं मेलेल्या गाईमागे ३०,००० रुपये दिले, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,०००. या रोगावर विषाणू मारणारं औषध नाही, तिथे सगळी मदार सेवेवर. गाठी दिसताच गाय वेगळी बांध, माश्या-डासांचा बंदोबस्त कर, जखमा रोज धू. तोंडात फोड असतात, कडबा चावता येत नाही. कोवळी हिरवी वैरण, कण्यांची पातळ पेज हातानं भरव. जी घरं हे दोन-तीन आठवडे कंटाळली नाहीत, त्यांच्या गाई उठल्या.

एका गोष्टीला मात्र भी. गाय लाळ गाळते, घोगरं हंबरते, गिळत नाही, म्हणून घशात काही अडकलं असेल असं वाटून तोंडात हात घालू नकोस. कुत्रं चावलेलं असेल तर तो रेबीज असू शकतो. तसंच वार अडकली तर उघड्या हातानं ओढायची नाही. त्यातून ब्रुसेलाचा रोग माणसालाही होतो आणि बाईमाणसालाच गोठ्यात जास्त हात घालावा लागतो.

सगळं करूनही एखादी गाय उठत नाही. अंगाला जखमा पडतात, त्यात किडे होतात. अशी गाय रात्री रस्त्यावर सोडून येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या अडचणी मला कळतात, तरी ते वाईटच. बरी न होणाऱ्या जनावराला यातनांतून सोडवण्याची कायदेशीर वाट पशुवैद्यकाकडे असते, त्यांच्याशी मोकळेपणानं बोल. त्याआधी एकदा इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचार. अवघड जनावरं इथे आणतात, मी घरीच आहे, सोबत येईन.

फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या खांबावर रंगानं लिहून घे. आणि तुझी लहान कालवड चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान असेल, तर तिला ब्रुसेलाची लस टोचली की नाही, हे या आठवड्यात फोन करून सांग.

तुझा,
मामा