खुडूक कोंबडी आणि उबवणीची अंडी

भारतातील खेड्यापाड्यांत परसातील कोंबड्यांची देखभाल बहुतांशी स्त्रियांकडे असते आणि अंड्यांचे जे चार पैसे येतात तेही पुष्कळदा त्यांच्याच हाती राहतात. अशा घरात उबवणीस ठेवलेली दहा-बारा अंडी म्हणजे न विकलेली व न खाल्लेली अंडी होत. तीन आठवड्यांनंतर त्यांतून पिले निघाली नाहीत, तर नुकसान दुहेरी होते. दोष मात्र सहसा कोंबडीला दिला जातो. वास्तविक यांपैकी अनेक अंडी कोंबडी त्यांवर बसण्यापूर्वीच निकामी झालेली असतात.

देशी कोंबडी एका पाळीत साधारणतः दहा ते पंधरा अंडी घालते आणि नंतर खुडूक होते. ती घरट्यातून उठत नाही, पिसे फुलवते, जवळ जाणाऱ्याच्या हाताला टोचते आणि घोगरा आवाज काढते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून स्रवणारे प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन या अवस्थेस कारणीभूत असते. ते वाढले की अंडी घालणे थांबते. घरटे आणि अंडी यांचा पोटाला होणारा स्पर्श हा स्राव टिकवून धरतो. अधिक अंडी देणाऱ्या जातींतून ही प्रवृत्ती निवड पद्धतीने जवळजवळ नाहीशी करण्यात आली आहे. म्हणूनच हैदराबाद येथे विकसित झालेल्या वनराजासारख्या जातींची अंडीही खेड्यात देशी कोंबडीखालीच उबवली जातात. असील कोंबडी तर उत्तम माता म्हणून प्रसिद्ध आहे.

फलित अंड्यातील गर्भाची वाढ कोंबडीच्या पोटातच सुरू झालेली असते. अंडे बाहेर पडून थंड झाले की ती थांबते आणि ऊब मिळताच पुन्हा सुरू होते. उबवणीच्या अंड्यांची सारी निगा या एका गोष्टीवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात घरातील हवा ३० अंश सेल्सियसच्या वर गेली म्हणजे साठवलेल्या अंड्यांतील गर्भ अर्धवट वाढू लागतो. परंतु पुरेशी ऊब नसल्याने तो दुबळा होतो व मरतो. मेघगर्जनेने अंडी बिघडतात, या समजुतीने काही भागांत घरट्यात लोखंडाचा तुकडा अथवा कोळसा ठेवतात. पहिला गडगडाट उन्हाळ्याच्या अखेरीस होतो हे लक्षात घेतल्यास खरा अपराधी बहुधा त्याआधीचा उकाडा असावा. यासाठी अंडी घरातील सर्वांत थंड जागी, ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या भांड्यात, निमुळते टोक खाली करून ठेवावी. ती सात दिवसांहून जुनी नसावी. अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरील संरक्षक पापुद्रा निघून जातो. तडा गेलेली अथवा वेडीवाकडी अंडी वगळावी. कळपात नर असल्याखेरीज अंडी फलित होत नाहीत, हे सांगणे नकोच.

कोंबडीच्या अंगाखाली पूर्णपणे झाकली जातील इतकीच, म्हणजे दहा ते बारा अंडी ठेवावी. ती सर्व एकाच दिवशी ठेवणे अत्यावश्यक आहे. कारण पहिली पिले चालू लागली की आई घरटे सोडते आणि मागून ठेवलेली अंडी थंड पडतात. इतर कोंबड्या त्याच घरट्यात येऊन अंडी घालतात, म्हणून ठेवलेल्या प्रत्येक अंड्यावर खूण करावी. टोपलीत राख पसरून वर कोरडे गवत घालावे. राखेमुळे उवांचा उपद्रव कमी होतो. उवांनी बेजार झालेली कोंबडी घरटे सोडून जाते. तिला रात्रीच्या अंधारात बसवावे. बांगलादेशात हाजल नावाचे मातीचे पसरट भांडे यासाठी वापरतात. त्यालाच दाणा व पाण्याच्या वाट्या जोडलेल्या असल्याने कोंबडी बसल्या जागी खाऊ शकते.

उबवणीस २१ दिवस लागतात. अंडी वरखाली करणे, कडेची मध्ये घेणे ही कामे कोंबडी स्वतः करते. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटे खाण्यासाठी, विष्ठेसाठी व धुळीत लोळण्यासाठी उठते. तेवढ्या गारव्याने अंड्यांना अपाय होत नाही. ती उठतच नसेल, तर पंखांखाली अंडे अडकलेले नाही हे पाहून तिला हळूच बाहेर काढावे. सातव्या दिवशी रात्री प्रत्येक अंडे विजेरीच्या उजेडासमोर धरावे. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाकावी, अन्यथा ती कुजून फुटतात व इतरांनाही बिघडवतात. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. कवचाला पहिले छिद्र पडल्यानंतर पिलू अनेक तास स्वस्थ राहते; या काळात उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो आणि कवचालगतच्या शिरांतील रक्त आटते. दयेपोटी कवच सोलणारा माणूस या शिरा तोडतो व पिलाचा जीव घेतो. बलकाच्या आधारावर नवजात पिलू सुमारे दोन दिवस अन्नावाचून राहू शकते. तेव्हा दाण्याची घाई नको.

फलित अंडी नसताना कोंबडी खुडूक झाली, तर तिला पाण्यात बुचकळणे किंवा नाकपुडीत पीस खुपसणे असे उपाय केले जातात. ते क्रूर आहेत आणि अनावश्यकही आहेत. तळाला जाळी अथवा फटी असलेल्या, उजेडाच्या व हवेशीर पिंजऱ्यात, घरट्याविना, पण भरपूर दाणापाणी देऊन तिला तीन-चार दिवस ठेवावे. पोटाखालची ऊब व घरट्याचा स्पर्श सुटला की प्रोलॅक्टिन ओसरते आणि काही दिवसांनी ती पुन्हा अंड्यावर येते. रिकाम्या घरट्यात आठवडेच्या आठवडे अर्धपोटी बसू दिलेली कोंबडी मात्र खंगत जाते. तेव्हा कोंबडी खुडूक झाल्याचे दिसताच तिला अंडी द्यायची की तिची खुडूक मोडायची, याचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा.