लावणीचे दिवस आणि कंबर

तरवा तयार झाला की रोपलावणीची घाई सुरू होते, आणि आठ दिवसांत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : कंबर धरली. खानापूर, बेळगाव, चंदगड या भागांत भातशेती फार, आणि तरवा काढणे व लावणे ही कामे बहुतेक ठिकाणी स्त्रियांच्याच वाट्याला. दिवसभर चिखलात ओणवे राहायचे आणि घरी आल्यावर पुन्हा चुलीपाशी वाकायचे. कंबर गेली की रोज बुडतो, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट गादी असते, ती धक्के सोसते. माणूस वाकला की गादीचा पुढचा भाग दाबला जातो आणि मणक्यांना मागून बांधून ठेवणारे बंध ताणले जातात. थोडा वेळ वाकल्याने काही बिघडत नाही. पण अर्धा अर्धा तास वर न होता ओणवे राहिले, तर हे बंध जुन्या बाजेच्या दोरीसारखे सैल पडतात आणि उभे राहिल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. नेमक्या अशा वेळी बाई तरव्याची पाटी उचलते, गडी खताच्या पोत्याला हात घालतो, आणि उसण भरते. दोष पोत्याला दिला जातो. त्याआधीच्या तासाकडे कोणी पाहत नाही!

म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी उभे राहावे, दोन्ही पंजे कंबरेवर ठेवावेत आणि सावकाश पाच-सहा वेळा मागे झुकावे. याला अर्धे मिनिट पुरते. मालक डोळे वटारील ही भीती असते हे खरे. पण लावणीची एक पात संपली की सगळ्यांनीच उभे राहायचे असे आधी ठरवले, तर एकटी कोणी मागे पडत नाही. ओझे उचलायचे असेल तर त्याआधी दोन-चार मिनिटे बांधावरून चालावे.

सकाळची वेळही जपावी. रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. उठतेवेळी माणूस एक-दीड सेंटीमीटर उंच असतो. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण अधिक पडतो. तेव्हा उठल्याबरोबर शेणाच्या पाटीला हात न घालता अर्धा-पाऊण तास उभ्याची, चालण्याची कामे करावीत.

युरियाचे पोते 2018 पासून 50 ऐवजी 45 किलोचे झाले. तरीही जमिनीवरून एकट्याने उचलण्याचे ते ओझे नव्हे. दोघांनी धरावे, गुडघ्यांत वाकावे, पोते पोटाशी घ्यावे. ओझे अंगापासून जितके लांब, तितका कंबरेवर भार जास्त. घागर कंबरेवर घेणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही. ओझे हातात असताना कंबर पिळू नये, पावले वळवावीत. पोती भुईवर न रचता कट्ट्यावर रचली तर निम्मा त्रास वाचतो. भांगलणीला शक्य तेथे सायकल कोळपे वापरावे. भाताची लावण ओळीत असेल तर कोनोवीडर उभ्यानेच चालतो.

एवढे करूनही उसण भरलीच तर? आपल्याकडे पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेतात. साधी उसण बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरू लागते, श्रेय मात्र पायाळूला मिळते. हलका पाय लावण्याने नुकसान नाही, जोराची लाथ मात्र नको. ‘अंथरुणातून हलू नका’ हा जुना सल्लाही आता मागे पडला आहे. अमेरिकेत 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन दिवस पडून राहणारे रुग्ण सात दिवस पडून राहणाऱ्यांइतकेच बरे झाले, आणि कामावर लवकर परतले. तेव्हा शेकावे, सोसेल तितके घरात-अंगणात चालावे, जड काम तेवढे टाळावे. फळीवर झोपण्याचा हट्टही नको. स्पेनमध्ये 2003 साली झालेल्या पाहणीत अगदी कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले. कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी किंवा गोधडीची घडी घ्यावी. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून आठवडेच्या आठवडे घेऊ नयेत; पोटात व्रण होतो, मूत्रपिंड बिघडते.

काही दुखणी मात्र शेकण्याची नसतात. पायातली शक्ती जाऊ लागली, मांड्यांच्या मधली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. उशीर झाल्यास ते नुकसान कायमचे राहू शकते. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणेही लगेच दाखवावे, म्हाताऱ्या माणसांचे तर विशेषच. आणि रात्री पडल्यावरही पाठ ठणकत असेल, संध्याकाळी कसर येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षय तर नाही ना, हे तपासून घ्यावे. खोकला नसला तरी मणक्याला क्षय होऊ शकतो. त्यावरील औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ती बरेच महिने, एकही दिवस न चुकवता घ्यावी लागतात.