नोंद आपल्या माहितीत व्हावी

गंगापूर रोड, नाशिक

चि. मृण्मयीस,


आबांसाठी गुडघ्याचा पट्टा एकदा शोधला, तर आता रसायनशास्त्राच्या नोट्स उघडल्या तरी शेजारी तोच पट्टा दिसतो. कॉम्प्युटरला व्हायरस लागला का, असं तू विचारलंस. व्हायरस नाही. सिन्नरच्या घरी एकच कॉम्प्युटर सगळे वापरता, आणि आजोबा कोण, नात कोण हे ब्राउझरला कळत नाही. हा उद्योग कुकींचा आहे.

कुकी म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली बारीकशी नोंद. १९९४ साली नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी ती काढली, ती दुकानाच्या साइटला गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहावी म्हणून. त्यात वावगं काहीच नव्हतं. पुढे जाहिरात कंपन्यांनी ती उचलली. एकाच कंपनीच्या कोडचा तुकडा औषधांच्या साइटवर, बातम्यांच्या पानावर आणि तुझ्या नोट्सशेजारी बसलेला असतो. तुमच्या ब्राउझरला दिलेला क्रमांक तो प्रत्येक ठिकाणी ओळखतो आणि घराचा माग जुळवत जातो.

रामकुंडावर तीर्थोपाध्याय गाव-आडनाव विचारून वही काढतात आणि पणजोबांची सही दाखवतात. ती नोंद पणजोबांनी समोर बसून, स्वतःच्या हाताने केलेली असते. कुकीची नोंद आपल्या पाठीमागे होते आणि पुढे कोणाकोणाच्या हाती जाते ते कळत नाही. माझी हरकत एवढ्यालाच आहे.

आता कामाचं. तुम्ही क्रोम वापरता. त्याच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा या भागात जा आणि थर्ड पार्टी कुकी, म्हणजे अशा बाहेरच्या कंपन्यांच्या कुकी, ब्लॉक कर. गुगल त्या स्वतःच बंद करणार, असं २०२० साली जाहीर झालं होतं. २०२४ मध्ये तो बेत मागे घेतला गेला. म्हणून हे बटण आपणच दाबायचं. सफारी २०२० पासून या कुकी आपणहून अडवतो. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात कोंडून ठेवतो. फायरफॉक्स घेतलास तर ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारं फुकट एक्स्टेंशनही टाक. क्रोमला त्याची ‘लाइट’ आवृत्ती चालते. दोन्ही ब्राउझरच्या अधिकृत दालनातूनच घे.

सगळ्याच कुकी मात्र बंद करू नकोस. मग बँकेत लॉगिन होणार नाही आणि सीईटीचा फॉर्म अर्ध्यावर अडकेल. पैसे भरताना एखादं पान अडलं, तर तेवढ्या साइटला सूट दे. जुन्या कुकी पुसण्याआधी दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, सगळे पासवर्ड ठाऊक आहेत ना, ते विचार. पुसल्यावर सगळीकडे नव्याने लॉगिन करावं लागतं. प्रत्येकाची प्रोफाइल वेगळी कर, म्हणजे आबांचे गुडघे तुझ्या अभ्यासात येणार नाहीत. आणि इनकॉग्निटोवर विसंबू नकोस. त्याने घरातल्यांना इतिहास दिसत नाही, साइटला मात्र तुमचा वावर दिसतोच.

कुकीची परवानगी मागणारी पाटी आली की घाईने ‘सगळं मान्य’ दाबायची सवय मोड. ‘नाकारा’ बहुतेकदा तिथेच कुठेतरी फिक्या अक्षरांत असतं. आणि क्लासच्या जाहिरातीत आपण होऊन मोबाइल नंबर भरलास, तर पुढच्या फोनांना ब्राउझरची कुठलीही सेटिंग अडवू शकत नाही.

तू अजून अठराची नाहीस. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काही अपवाद वगळता तुझ्या वयाच्या मुलांवर अशी पाळत ठेवायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना ही बंधनं पाळण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्याचा अंमल होईल तेव्हा होईल. कडी आपल्या दाराला आतून असते, ती आजच लावता येते.

हे सगळं एकटीने उरकू नकोस. दादा-वहिनींना शेजारी बसव आणि माउस त्यांच्या हाती दे. पुढच्या वर्षी तू कॉलेजला बाहेरगावी गेलीस, की त्या कॉम्प्युटरचं त्यांनाच बघायचं आहे.

तुझा,
काका