नीसला सावकाश फिरायचंय

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, राहणार धसई. फ्रान्सच्या नीस शहरात पंधरा दिवस निवांत राहायचं आहे. हिच्या गुडघ्यांना झेपेल का?

उत्तर : जरूर झेपेल. पंधरा दिवस एकाच गावी राहण्याचा तुमचा बेत मला फार आवडला. जुलै-ऑगस्टचं ऊन आणि गर्दी टाळा, सप्टेंबरअखेर जा. समुद्रकाठचा प्रोमनाद दे-झांग्ले सुमारे सात किलोमीटर लांब, पण सपाट आहे. जागोजागी निळ्या खुर्च्या. किनाऱ्यावर मात्र वाळू नाही, गोटे आहेत. वहिनींना अनवाणी उतरू देऊ नका. किल्ल्याच्या टेकडीवर लिफ्टने जा. घर ट्रामजवळ घ्या. सकाळी कूर सालेयाच्या बाजारात ‘सोका’ खा : हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, भट्टीतून कडा करपलेलं, वर मिरपूड. आपलं बेसनाचं धिरडंच! सोमवारी तिथे भाजी-फुलांऐवजी जुन्या वस्तू असतात.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही जावं लागेल. गुडघ्यांच्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा.