उसाचें बिल मुदतींत कसें मिळवावें

आमच्या सातारा-सांगलीकडील कृष्णाकांठच्या बागायतदारास लागण, बेणें व खत यांविषयीं कोणीं नव्यानें सांगावें अशी स्थिति नाहीं. परंतु ऊस कारखान्यावर गेल्यानंतर त्याचे पैसे किती दिवसांत यावेत, असें विचारलें असतां बहुतेक मंडळी 'येतील तेव्हां येतील' असें उत्तर देतात. या उत्तराची किंमत काय पडते, हें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

केंद्र सरकारनें १९६६ सालीं ऊस (नियंत्रण) हुकूम काढला. त्याच्या तिसऱ्या कलमांत असें घालून दिलें आहे कीं, ऊस पोंचता झाल्यापासून १४ दिवसांच्या आंत कारखान्यानें किंमत चुकती करावी. न केल्यास पुढील दिवसांचें दरसाल दरशेंकडा १५ प्रमाणें व्याज द्यावें. किमान दर सरकार ठरवितें. २०२५-२६ च्या हंगामासाठीं तो १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये ठरला. उतारा अधिक असल्यास दरही चढतो, व त्यांतून तोडणी-वाहतूक वजा होते.

समजा, ४० टन ऊस गेला व वजावट होऊन टनाला ३,००० रुपये निघाले. येणें १,२०,००० रुपये झालें. तें मुदतीनंतर ६० दिवस अडकलें तर व्याज सुमारें २,९५९ रुपये होतें. हें व्याज कोणाच्या खात्यावर आपोआप जमा झालेलें आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. उलट त्याच साठ दिवसांत सोसायटीच्या कर्जाची मुदत टळते, वेळेवर फेडणारास मिळणारी सवलत बुडते, आणि खोडव्याचें खत उधारीनें आणावें लागतें. आपलें येणें बिनव्याजी व देणें मात्र व्याजी, असा हा उफराटा व्यवहार आहे.

आतां हुकुमांतील एक मेख पाहावी. उभयपक्षीं निराळा लेखी करार नसेल तरच ही १४ दिवसांची मुदत लागू होते. ऊसनोंदीच्या वेळीं चिटबॉय जो छापील कागद पुढें करतो, त्यावर आपण बांधावर उभ्या उभ्या सही ठोकतों. त्यांत हप्त्यानें पैसे घेण्यास संमति लिहिलेली असूं शकते. राज्य सरकारनें फेब्रुवारी २०२२ मध्यें दोन हप्त्यांची मुभा देणारा निर्णय काढला होता. मार्च २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. सरकारचा निर्णय टिकला नाहीं, परंतु आपल्याच सहीचा करार मोडून घेणें तितकें सोपें नाहीं. सबब तो कागद घरीं आणून वाचावा, नको तें कलम खोडून मगच सही करावी, व नक्कल मागून घ्यावी.

मुदत टळल्यास पुण्याच्या साखर आयुक्तांकडे अर्ज करावा. थकबाकी ठरल्यावर तेथून जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला जातो, आणि ती रक्कम जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणें वसूल करतां येते. म्हणजे साखर, मळी, बगॅस व अखेर स्थावरही जप्त होऊं शकतें. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यानें असे दाखले हाताळले आहेत. हें शस्त्र धारदार खरें, पण मंद चालतें. गुदामांतील साखर बहुधा बँकेकडे तारण असते, त्यामुळें लिलावाची गोष्ट लांबते. तथापि दाखला निघाला कीं कारखान्याची चालढकल कमी होते, असाही आमचा अनुभव आहे.

एकदां एका कारखान्याच्या थकबाकीच्या यादींत एका शेतकऱ्याचें नांवच नव्हतें. त्यानें तोड लवकर मिळावी म्हणून आपला ऊस शेजाऱ्याच्या नोंदीवर घातला होता. पैसे शेजाऱ्याच्या खात्यावर निघाले, व दोघांची दहा वर्षांची सोयरीक तुटली. ऊस आपल्याच नांवें घालावा. प्रत्येक खेपेची वजनपावती जपावी, कारण मुदत मोजण्यास तिच्यावरील तारीखच उपयोगी पडते. पंधरवड्याचें बिल आल्यावर त्यांतील टनेज व कपाती पावत्यांशीं ताडून पाहाव्यात.

खरी अडचण कायद्याची नसून भिडेची आहे. संचालक भावकींतला, गटप्रमुख गांवचा, आणि अर्ज केला तर पुढील सालीं तोड लांबेल ही धास्ती. ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. वाळलेल्या उसाचें वजन घटतें, हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून एकट्यानें पुढें होऊं नये. एका गटांतील वीस-पंचवीस उत्पादकांनीं मिळून प्रथम कारखान्यास लेखी मागणी द्यावी. तींत प्रत्येकाचें टनेज, पावत्यांच्या तारखा, येणें रक्कम व त्यावरील व्याज हीं निरनिराळ्या रकान्यांत मांडावीं. अर्ज आवकेंत देऊन प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. आठ दिवसांत उत्तर न आल्यास तीच प्रत जोडून आयुक्तांकडे रजिस्टर टपालानें पाठवावी, व एक नक्कल जिल्हाधिकारी कचेरींत द्यावी.